आईची साडी कुठल्या रंगाची होती

गोराईत म्हाडाचं आमचं बैठं घर. पुढच्या खोलीत बाबांची व्हिडिओ लायब्ररी आणि मागच्या खोलीत आम्ही. खाडी जवळ, त्यामुळे हवा दमट आणि खारी. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढायची आणि बाबा ती मऊ फडक्यानं पुसत बसायचे. हिंदी सिनेमे खालच्या फळीवर, मराठी मधे आणि माझा हात पोचणार नाही तिथे ‘इंग्रजी सस्पेन्स’. त्यात हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ होता, कॉपीची कॉपी. सगळी माणसं चहात बुडवून काढल्यासारखी दिसायची.

आईला तो आवडायचा नाही. मेलेली बाई परत समोर येते ही गोष्ट आपल्याकडे जास्त चांगली झालीय, असं तिचं म्हणणं. म्हणजे राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’. दोन वर्षांनी राज खोसलांनी साधनाला घेऊन त्याचाच ‘मेरा साया’ केला. कुणी ‘मेरा साया’ मागितला की आई आतून ओरडायची, “मूळ मराठी आहे म्हणावं!”

लायब्ररी बंद होऊन वीस वर्षं झाली. आईला जाऊन तीन. मागच्या दिवाळीत मी एका मित्राकडून ‘व्हर्टिगो’ची फोर-के डिस्क आणि प्लेअर उसना आणला. ‘पाठलाग’ची अशी डिस्क मिळाली असती तर तीच आणली असती. मला सापडली ती फक्त मोबाइलवर बघायची, ओरखडे भरलेली कॉपी.

‘व्हर्टिगो’ १९५८ चा. त्याच्या निगेटिव्हचे रंग उडत चालले होते. रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ या दोघांनी तो दुरुस्त केला आणि १९९६ मध्ये परत लोकांसमोर आणला. नायिकेची जॅग्वार गाडी हिरवी आहे, पण नेमकी कुठली हिरवी, हे त्यांनी गाडीच्या कंपनीला विचारून घेतलं. पावलांचे, दारांचे आवाज मात्र नव्यानं रेकॉर्ड केले, त्यावरून त्यांनी बोलणीही खाल्ली. हे सगळं मी बाबांना सांगत होतो. ते “हं” म्हणत होते.

मग तो हॉटेलच्या खोलीचा प्रसंग आला. खिडकीबाहेर निऑनची पाटी.

“हिरवी आहे ही?” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं भाड्यानं दिला हा पिक्चर. मला पत्ताच नाही.”

नायकानं दुकानात काम करणाऱ्या त्या मुलीला मेलेल्या बाईसारखाच राखाडी सूट घ्यायला लावलेला असतो, केसांचा रंगही बदलायला लावलेला असतो. (पासष्टहून जास्त वर्षं झालीत, स्पॉइलर म्हणू नका.) केस बांधायचे तेवढे राहिलेले. ती आत जाते, बांधून येते, आणि हिरव्या धुक्यातून चालत त्याच्याकडे येते.

बाबांनी रिमोट उचलून तिला तिथेच थांबवलं. भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर आई. लग्नातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो मी वर्षश्राद्धाला एका ॲपमधून रंगवून, मोठा करून लावला होता. लालभडक साडी, गुळगुळीत गाल. हनुवटीवरचा देवीचा व्रण ॲपनं पुसून टाकलेला. सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं होतं. बाबा तेव्हा काही बोलले नव्हते.

“साडी लाल नव्हती.”

“मग?”

“वांगी.”

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस.”

ते उठले. पलंगाखालच्या ट्रंकेतून आईनं जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी काढली. एका तुकड्यावर बोट ठेवलं. तो धुऊन धुऊन राखाडी झाला होता. मला काही वांगी दिसेना. बाबांनी नखं कापायची छोटी कात्री आणली, कडेचे तीन-चार टाके उसवले आणि आत दुमडलेलं कापड अंगठ्यानं बाहेर ओढलं. बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यावर कधी ऊन पडलंच नव्हतं.

मी मोबाइलमध्ये तिचा फोटो काढला. स्क्रीनवर ती जांभळी आली. दिवा बदलून काढला तरी जांभळीच.

“आणि हनुवटी?” बाबांनी विचारलं.

मूळ फोटो मी फ्रेमच्या पुठ्ठ्यामागे सरकवून ठेवला होता. स्टूल घेतलं, फ्रेम उतरवली. बाबा चश्मा शोधत होते. टीव्हीवर ती बाई अजून हिरव्या धुक्यात थांबलेली होती.