पुढचे सरळ, मागचे कुरळे

माझ्या डोक्यावर सध्या दोन तऱ्हेचे केस आहेत. कपाळाच्या कडेचे आणि कानांपुढचे केस रिलॅक्सर लावून कायमचे सरळ केलेले आहेत. टाळूपासून मानेपर्यंतचे जन्मजात कुरळे आहेत. मिशिगनमधल्या ॲन आर्बरसारख्या विद्यापीठाच्या गावात अशी मी एकटी नाही. आफ्रिकन-अमेरिकन बायकांमध्ये ही पद्धत जुनी आहे, आणि कुरळ्या केसांच्या मराठी मुलींनाही ती चटकन पटते. ओळखपत्राचा फोटो, नोकरीची मुलाखत, व्हिडिओ कॉल, सगळीकडे दिसतो तो चेहऱ्याभोवतीचा भाग. मागचे केस क्लचरमध्ये गुंडाळले की काम भागते. मग सगळ्या डोक्याला रसायन कशाला फासायचे? दिसतात तेवढेच करावेत, खर्चही कमी आणि धोकाही कमी, असा हा हिशेब आहे. असे केस डोक्यावर बाळगून आणि त्यामागचे रसायनशास्त्र व आरोग्याचे अभ्यास वाचून माझे मत याच्या उलट झाले आहे. अर्धेच केस सरळ करणे ही मधली वाट नाही. त्यात सर्वांत जहाल रसायन सर्वांत नाजूक केसांवर जाते, आणि जे केस वाचवले असे आपण म्हणतो तेही वाचत नाहीत.

आधी केसाच्या आत काय होते ते पाहू. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना अनेक बंधांनी धरून असतात. आपल्या विषयाला त्यांतले दोन पुरेत. हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतो व पुन्हा जुळतो. म्हणून सकाळी ब्लो-ड्राय करून बसवलेले केस जुलैच्या दमट हवेत इथल्या ह्युरॉन नदीकाठी फिरून येईपर्यंत पुन्हा आक्रसतात. गंधकाच्या दोन अणूंचा डायसल्फाइड बंध मात्र पाण्याला दाद देत नाही. कुरळेपणा टिकून राहतो तो मुख्यतः त्याच्या जोरावर, आणि रिलॅक्सर घाव घालतो तो त्याच्यावरच. सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या किंवा ‘लाय’च्या, रिलॅक्सरचा पीएच 12 ते 14 असतो. निरोगी त्वचेचा साधारण 5.5. पीएचची एकेक पायरी दसपटीची असते, तेव्हा हा फरक दहा लाख पटींच्याही पुढे जातो. या माऱ्याने बंधातला एक गंधक निघून जातो आणि जे उरते ते पूर्ववत होत नाही. खोक्यावर ‘नो लाय’ असे लिहिलेले वाचून हायसे वाटते. पण त्या डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना, असतो. त्यात ग्वानिडीन कार्बोनेटचे द्रावण मिसळले की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होते आणि तेही तितक्याच चढ्या पीएचवर काम करते. टाळूची आग थोडी कमी होते, पण केसावर कॅल्शियमचा थर बसून तो कोरडा आणि निस्तेज होतो. लाय नाही म्हणजे सौम्य आहे, असा अर्थ काढणे चूक आहे.

आता अर्धवटपणाचा हिशेब. पूर्ण डोके सरळ करणाऱ्या बाईच्या केसाला एकच सांधा असतो: मुळाशी नव्याने वाढलेला कुरळा भाग जुन्या सरळ भागाला मिळतो तो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोन महिन्यांत हा कुरळा पट्टा अडीच सेंटिमीटरचा होतो. अशी एक बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले की आधी खडबडीत, उसळणारा केस लागतो आणि पुढे एकदम गुळगुळीत, बारीक, निर्जीव झालेला. फणीचा सगळा ताण या बदलाच्या जागी येतो आणि केस बहुधा तिथेच तुटतो. पुढचेच केस सरळ करणारीला हा सांधा तर चुकत नाहीच, वर आणखी एक सीमा तयार होते, ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून आडवी जाते. तिच्या एका बाजूचे केस ओले झाले की लोंबतात, दुसऱ्या बाजूचे आखडून वर जातात. ही विसंगती लपवायची तर दोनच उपाय: मागच्या कुरळ्यांवर इस्त्री फिरवायची किंवा पुढच्या सरळ केसांना कर्लिंग आयर्नने पीळ द्यायचा. ही उपकरणे 180 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. म्हणजे ज्या केसांना रसायन लावले नाही ते उष्णतेने भाजतात, आणि ज्यांना लावले त्यांना रसायन आणि उष्णता दोन्ही सोसावे लागते. निम्मे केस वाचवण्याचा बेत अशा तऱ्हेने सगळ्या डोक्याला भोवतो.

त्यातही कपाळाची कड ही निवडायला सर्वांत वाईट जागा आहे. तिथले केस डोक्यावरच्या इतर केसांपेक्षा बारीक आणि विरळ असतात, म्हणून रसायन त्यांच्यात लवकर मुरते. पूर्ण डोक्याला रिलॅक्सर लावणारी जाणकार बाई कपाळाच्या आणि मानेच्या कडेला सर्वांत शेवटी हात लावते, त्या त्वचेवर आधी पेट्रोलियम जेली चोपडते, आणि क्रीम तिथे कमीत कमी वेळ ठेवते. अर्धवट पद्धतीत ज्या कडेला जपायचे तीच कामाची मुख्य जागा होते. पुन्हा टच-अप करताना क्रीम फक्त नव्या वाढीला लागले पाहिजे. पण कडेचे केस इतके आखूड असतात की ते जुन्या भागावर पसरतेच आणि एकाच केसावर दोनदा प्रक्रिया होते. वर आपली चापूनचोपून वेणी किंवा घट्ट पोनीटेल. सततच्या ओढीने कडेचे केस कायमचे जाणे हा त्वचाविकारतज्ज्ञांच्या ओळखीचा विकार आहे, आणि रिलॅक्सर लावलेल्या केसांवर ओढ पडली की त्याचा धोका वाढतो. धुण्याचीही एक गोष्ट. रिलॅक्सर निव्वळ पाण्याने निघत नाही, त्याला न्यूट्रलायझिंग शाम्पू लागतो. यांतले बरेच शाम्पू क्रीम शिल्लक असेपर्यंत गुलाबी फेस देतात. फेस पांढरा येईपर्यंत धुवत राहायचे असते. ॲन आर्बरच्या नळाला येणारे पाणी तर चुना घालून मृदू केलेले आणि स्वतःच अल्कधर्मी असते. घरच्या सिंकवर वाकून दोन तांबे पाणी ओतले की झाले, हा भरवसा इथे कामाचा नाही.

भारतात जाऊन-येऊन राहणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. पुण्या-मुंबईच्या पार्लरांतले रिबॉन्डिंग सहसा थायोग्लायकोलेटवर चालते. ते डायसल्फाइड बंध तात्पुरता उघडते, मग इस्त्रीने केस सरळ केले जातात, आणि न्यूट्रलायझर तो बंध नव्या जागी पुन्हा जुळवतो. अमेरिकेतल्या हायड्रॉक्साइडच्या रिलॅक्सरचे काम निराळे. तिथे बंध पुन्हा जुळायला उरतच नाही. या दोन पद्धती एका केसावर एकत्र नांदत नाहीत. मिशिगनमध्ये पुढच्या केसांना रिलॅक्सर लावून डिसेंबरच्या सुट्टीत त्याच केसांना ‘थोडे स्मूदनिंग’ करून घ्यायचे म्हणजे केस हातात येण्याची तयारी ठेवायची. पार्लरवालीला केस सरळ दिसतात, कशाने सरळ झाले ते दिसत नाही. पूर्ण डोके सरळ केलेली बाई ते आपसूक सांगते. ज्यांचे थोडेच केस केलेले असतात त्यांना ते सांगण्याजोगे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की केस तुटले तर पुन्हा येतात. खरा प्रश्न प्रकृतीचा आहे, आणि तिथे तरी थोडे रसायन म्हणजे थोडा धोका हे मान्य करा. हा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’तून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 33,497 स्त्रियांचा जवळजवळ 11 वर्षे मागोवा घेतला गेला आणि त्यांच्यात गर्भाशयाच्या कर्करोगाची 378 प्रकरणे निघाली. केस सरळ करण्याची रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना वयाच्या 70 व्या वर्षापर्यंत हा रोग होण्याचे अनुमानित प्रमाण 1.64 टक्के होते. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. केस रंगवण्याशी असा संबंध आढळला नाही. हा निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, शिवाय स्त्रियांनी कोणती उत्पादने वापरली याची नोंद त्यात नव्हती. धोका दुपटीहून जास्त झाला तरी तो शंभरात चार जणींचाच आहे, हेही सांगायला हवे, नाहीतर विनाकारण घबराट पसरेल. पण आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की या अभ्यासाने मोजले ते किती वेळा लावले हे. किती केसांना लावले हे नव्हे. पुढचेच केस सरळ करणारी बाई नेमकी वारंवारतेत पुढे असते, कारण चेहऱ्याजवळची नवी वाढ आधी डोळ्यांवर येते आणि छोटा भाग म्हणून टच-अप सहज उरकला जातो. दर दोन महिन्यांनी एकदा म्हटले तरी वर्षाला सहा वेळा होतात. भाग निम्मा केल्याने धोका निम्मा होतो, याला पुरावा नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: हे सगळे काळ्या बायकांचे प्रश्न, आपले केस वेगळे. त्या अभ्यासात मागच्या वर्षभरात रसायन वापरल्याचे सांगणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या हे खरे. त्यांना जास्त झळ बसते कारण त्यांचा वापर जास्त. पण वंशानुसार संबंध बदलतो असे संशोधकांना आढळले नाही. ‘आम्ही रिलॅक्सर नाही, केराटिन ट्रीटमेंट करतो’ हे उत्तरही तोकडे आहे. त्यातल्या अनेक उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, आणि तो श्वासावाटे आत जातो. तिथे किती केसांना लावले हा प्रश्नच गौण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये अशा उत्पादनांवर बंदीचा प्रस्ताव आणण्याचा बेत जाहीर केला आणि पुढे तारखा ढकलत नेल्या. फॉर्मल्डिहाइड नसलेले म्हणून ग्लायॉक्सिलिक आम्लाचे क्रीम आले, तर मार्च 2024 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका 26 वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. ही आगीतून फुफाट्यात जाण्याचीच रीत झाली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नोकरी देणारा माणूस चेहरा पाहतो, केसांकडे पाहून मत बनवतो, तेव्हा आदर्श सांगू नका, पोटाचे बोला. केस सरळ करण्याचा सगळा इतिहासच या दडपणाचा आहे. जॉर्ज जॉन्सन यांनी 1954 मध्ये शिकागोत काढलेली कंपनी याच मागणीवर मोठी झाली, आणि तिच्या गिऱ्हाइकांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्याकडे लग्नाच्या फोटोपासून विमान कंपनीच्या मुलाखतीपर्यंत हीच कसोटी लावली जाते. पण परिस्थिती थोडी बदलली आहे. केसांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केला. मिशिगनमध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी 15 जून 2023 रोजी अशाच कायद्यावर सही केली आणि 1976 च्या एलियट-लार्सन नागरी हक्क कायद्यात वंशाशी परंपरेने जोडलेल्या केसांच्या पोताचाही समावेश झाला. हा हक्क कृष्णवर्णीय स्त्रियांनी लढून मिळवला. कायद्याने नजरा बदलत नाहीत, हे कबूल. तरीही ॲन आर्बरमध्ये कुरळे केस मोकळे सोडून कामावर जाणारीच्या मागे आज काही आधार आहे, तो दहा वर्षांपूर्वी नव्हता. आणि ज्यांना खरोखरच त्या दिवसापुरते सरळ केस हवे आहेत त्यांच्यासाठी हायड्रोजन बंध आहेच: रोलर लावून वाळवा, मंद ब्लो-ड्राय करा, एका धुण्यात सगळे पूर्ववत होते.

कुरळे केस सांभाळणे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात घराघरांतली हीटिंगची कोरडी हवा केसांचा ओलावा शोषून घेते, टोपी काढली की केस पिंजारतात, गुंता सोडवायला वेळ लागतो. पण या कष्टांवर आपल्या घरातला एक उपाय तपासून पाहिलेला आहे. मुंबईच्या मॅरिकोमधल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवले की खोबरेल तेल केसांतून प्रथिन झिरपून जाणे कमी करते. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसे होत नाही. मॅरिको स्वतःच खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा. तरी रासायनिक प्रक्रिया झालेल्या केसांवरही त्यांना फायदा दिसला होता. मात्र तेल तुटलेला बंध जोडत नाही. ते झीज कमी करते, एवढेच.

म्हणून माझा निवाडा असा: केस सरळ करायचेच असतील तर तो पूर्ण निर्णय समजून करा, आणि नको असतील तर पुढच्या बटेचाही अपवाद करू नका. ज्यांनी आधीच थोडे केस केले आहेत त्यांनी त्याच केसांना पुन्हा रसायन लावू नये, नवी वाढ तशीच येऊ द्यावी आणि सरळ टोके हळूहळू कापत जावे. सांध्याच्या जागी फणी न चालवता ओल्या केसांत कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवावा. कोणत्या तारखेला, कोणत्या भागाला, कोणत्या रसायनाचे काय लावले ते लिहून ठेवा आणि ती नोंद पार्लरमध्ये आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला, दोघांनाही दाखवा. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नका, मागची घटकांची यादी वाचा. आणि घरातल्या कुरळ्या केसांच्या मुलीला ‘निदान पुढचे तरी सरळ करून घे’ असे सुचवण्याआधी हा सगळा हिशेब तिच्यासमोर मांडा.