नव्वद नंबरचे तेल

वडिलांनी 1996 साली घेतलेली मारुती 800 आमच्याकडे अजून आहे. पांढरी, चार गिअरची, तीनदा पुनर्नोंदणी झालेली. मला गाडीच्या पोटातले काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मराठी शिकवतो. तरीही हे लेखन गिअरच्या तेलाविषयी आहे, कारण त्या तेलापायी गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून वडिलांवर एक अन्याय झाला.

दिवाळीनंतर गाडीचे गिअर ऑइल बदलायला झाले होते. वडिलांचे वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून हे काम मी अंगावर घेतले. दुकानात एका डब्यावर जीएल-4 लिहिले होते, दुसऱ्यावर जीएल-5. दुसरा महाग, शिवाय त्याचा नंबरही थोर: 85डब्ल्यू-140. गाडी जुनी, तेव्हा तेल जाड आणि वरच्या प्रतीचे हवे, असा मी विचार केला. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेल्याचा परिणाम असेल, पण पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, एवढ्यावर मी निकाल लावून मोकळा झालो.

डिसेंबर उजाडला. निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येऊ लागला आणि आमच्या गाडीचा दुसरा गिअर पडेना. पडलाच तर करकरून पडे. वडील काही बोलले नाहीत. आठवड्याभराने त्यांनी किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "डाव्या हाताला आता अंदाज राहिला नाही." त्यांचा हात अलीकडे थोडा कापतो, हे खरे. या वयात गर्दीत गाडी घालू नका, असे मी दोन वर्षे सांगत होतो, हेही खरे. तेव्हा मी काही विचारले नाही. मनातून मला बरेच वाटले.

फेब्रुवारीत, विकण्याआधी एकदा दाखवावी म्हणून मी गाडी द्वारकेला नेली. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता जिथे मिळतो तो हा चौक. 2013 मध्ये उड्डाणपूल झाल्यापासून लांब पल्ल्याच्या गाड्या वरून निघून जातात. खाली रिक्षा, बस, हातगाड्या आणि आपापली घाई घेऊन निघालेले नाशिककर उरतात. तिथल्या एका बोळातल्या मिस्त्रींनी गाडी शंभर पावले चालवली आणि विचारले, "सर, तेल कुठलं टाकलंय?" मी अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "हे ट्रकच्या मागच्या एक्सलचं तेल आहे."

मग त्यांनी जुनी उघडलेली पेटी दाखवून जे समजावले, ते इतके स्वच्छ होते की मला माझ्या तासांची लाज वाटली. गिअर बदलताना जोडायचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. त्यांची गाठ पडण्याआधी एक पितळी रिंग, सिंक्रो रिंग, गिअरच्या पोलादी शंकूवर घट्ट बसते आणि घर्षणाने दोहोंचा वेग एक करते. मग दाते निमूट बसतात. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. ते तेलाचा थर कापून बाजूला सारतात. तेल फार जाड किंवा फार निसरडे असले तर रिंगेची पकडच बसत नाही. जीएल-5 मुख्यतः हायपॉइड दात्यांसाठी असते. हे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जीएल-4 च्या जवळपास दुप्पट असतात. पोलादाला वाचवणारे हेच गंधक तापले की पितळेला हळूहळू खाते. (पितळेला इजा न करणारी जीएल-5 तेलेही हल्ली मिळतात, असे उत्पादक सांगतात. मिस्त्रींचा विश्वास नाही.) जीपमध्ये गिअरबॉक्स निराळा आणि मागचा डिफरन्शियल निराळा, म्हणून दोन्हीकडे दोन तेले घालता येतात. मारुतीचे इंजिन आडवे, दोन्ही एकाच पेटीत, आणि आत हायपॉइड दाते नाहीतच.

नंबरांचेही माझे चुकलेच होते. गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या मापाने वाचायचे नसतात. गिअरचे नव्वद हे जाडीला इंजिनच्या चाळीस-पन्नासाच्या आसपास येते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा.

संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही आणि प्रेमही, हे सांगून मी वर्गात पुष्कळदा टाळ्या घेतल्या आहेत. घर्षण उरलेच नाही तर गिअर पडत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. असो.

मिस्त्रींनी आधी तेल भरण्याचा बोल्ट सैल करून पाहिला. तो अडकून बसला आणि खालून तेल सोडून दिलेले असले, तर गाडी जागची हलवता येत नाही. गरम तेल पातेल्यात उतरले. त्यात किंचित सोनेरी चमक होती, तुकडे नव्हते. 80डब्ल्यू-90, जीएल-4, बाजूच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरले.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळे सांगितले. "किती नंबर टाकला होतास?" त्यांनी विचारले. एकशेचाळीस, म्हणालो. ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. "मला वाटलं, हात गेला." मग म्हणाले, "तुलाही तसंच वाटलं असणार." मी हो म्हणालो. बरे वाटले होते, हे मात्र सांगवले नाही.

दुसऱ्या दिवशी ते द्वारकेपर्यंत गाडी घेऊन गेले आणि परत आले. मी शेजारी बसलो होतो. दुसरा गिअर थंड असताना अजून थोडा अडतो. ते न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून मग टाकतात. किल्ली आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. त्या चौकातल्या गर्दीत त्यांनी गाडी चालवावी की नाही, हे आम्हा दोघांना अजून बोलायचे आहे. पुढच्या थंडीआधी 75डब्ल्यू-90 घालून पाहू, असे मिस्त्री म्हणाले आहेत.