हुरड्याचे दिवस

हुरड्याचे दिवस थोडे असतात. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली ज्वारी निसवते, कणसात दाणा भरतो, आणि दाण्यातल्या दुधाचे पीठ होण्याआधी मध्ये जो आठदहा दिवसांचा काळ येतो, तेवढाच हुरड्याचा. शेतकरी पेरण्या मागेपुढे करून हंगाम डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत लांबवतात हे खरे; पण एका शेतापुरते बोलायचे तर या रविवारी गेला नाहीत, तर पुढल्या खेपेस तिथे भाकरीची ज्वारी उभी असेल. घरात दीर्घकाळ आजारी माणूस असलेल्या आपणा सर्वांना ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य फार सोयीचे असते. हुरडा ते ऐकून घेत नाही.

माझ्या यजमानांना पार्किन्सन्सचा आजार होऊन आठ वर्षे झाली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा पाहुणा आहे, त्यांना बाकीचे सांगायला नकोच. गोळीची वेळ म्हणजे घरातले घड्याळ. उंबरठ्याशी आल्यावर जमिनीला खिळणारे पाय. दिवसेंदिवस बारीक होत जाणारा आवाज. आणि रात्री अंथरुणात स्वतःहून कुशीवर वळता न येणे. गेली तीन वर्षे मी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. यात अभिमान वाटावा असे काही नाही, आणि तक्रार करावी असेही नाही. दिवस तसे जात राहिले, इतकेच.

आम्ही चौघी सोलापुरातल्या एकाच शाळेच्या. आता सगळ्यांनी पासष्टी ओलांडली आहे. ‘लेख लिही, पण आमची नावे घालू नकोस,’ अशी तिघींची सक्त ताकीद आहे. तेव्हा एकीला इन्सुलिनवाली म्हणते, दुसरीला गुडघेवाली, कारण तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, आणि तिसरीला नुसती मैत्रीण म्हणते. तिचे यजमान गेल्या वर्षी गेले. गड्ड्याची गर्दी ओसरली की मंगळवेढ्याकडे एका शेतावर शनिवार-रविवार राहायला जायचे, हे त्या तिघींनी परस्पर ठरवले आणि मला फक्त तारीख कळवली.

मुलगा पुण्याहून दोन दिवस आधी आला. पहिला पूर्ण दिवस मी घरातच, पण शेजारच्या खोलीत बसले आणि सगळे त्याने केले. वाचकहो, तुम्हाला कधी असे जायचे झाले तर हा एक दिवस मात्र हातचा ठेवाच. मी एका कागदावर वेळापत्रक लिहून काढले होते, पण वेळापत्रकात न मावणारे किती असते ते त्या दिवशी समजले. लिव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, हे कागदावर होते; डाळ, दूध, दही यांतल्या प्रथिनांमुळे काही जणांच्या बाबतीत त्या गोळीचा गुण कमी येतो, म्हणून ही अट, हे मात्र सांगावे लागले. कारण कळले की माणूस वेळ पाळतो. पाय खिळले तर हाताला धरून ओढायचे नाही. समोर जमिनीवर आपला पाय आडवा ठेवून ‘हा ओलांडा’ म्हणायचे, किंवा ‘एक, दोन’ असा ताल द्यायचा; पाऊल आपोआप उचलते. मी असे कितीदा करते याची मलाच गणती नव्हती. मुलगा वही काढून लिहून घेत होता. अंथरुणातून उठवताना आधी दोन मिनिटे काठावर बसवायचे, नाहीतर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. रात्री दोनला एकदा कूस बदलून द्यायची.

यजमान हे सगळे ऐकत होते. जाण्याबद्दल ते हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. त्यांचे बालपण मोहोळ तालुक्यातले, ज्वारीच्या शिवारात गेलेले. शुक्रवारी रात्री मी पिशवी भरत असताना त्यांचे ओठ हलले. जवळ जाऊन कान दिला. “गुळभेंडीचा आण,” ते म्हणाले. “दुसरा नको.”

सोलापूर ते मंगळवेढा अंतर साधारण ५५ किलोमीटर. बेगमपूरला भीमा ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन सुरू होते. ही ज्वारी विहिरीच्या पाण्यावर येत नाही. काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती पोसते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडी मात्र भाकरीची. हुरड्याला दाणा मऊ, गोड आणि कणसातून सहज सुटणारा लागतो. त्यासाठी गुळभेंडी, सुरती, कुचकुची असे जुने वाण आहेत, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले फुले उत्तरा, फुले मधुर हे नवे आहेत.

शेत एका तरुण जोडप्याचे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, आणि अशा जागा आता बऱ्याच ठिकाणी झाल्या आहेत. पण सगळ्या आपल्या वयाच्या माणसांना सोयीच्या असतात असे नाही. आमच्या गुडघेवालीने आधी दूरध्वनीवरून जी उलटतपासणी घेतली, ती मला आदर्श वाटते. कमोड आहे का? खोलीतून तिथवर किती पावले आणि मध्ये पायऱ्या किती? रात्री दिवा राहतो का? झोपायला पलंग की बाज? बाज दिसायला छान, पण ती सखल असते आणि मधे झोळ पडतो. बदललेल्या गुडघ्यांनी तिच्यावरून उठणे म्हणजे विहिरीतून वर येणे. मंगळवेढ्याचे ग्रामीण रुग्णालय किती लांब, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वस्तीपर्यंत येऊ शकेल असा रस्ता आहे का, हेही तिने विचारले. पलीकडची मुलगी मुळीच वैतागली नाही. “मावशी, माझी सासूबी तुमच्याच वयाची हाय की,” ती म्हणाली. “खुर्च्या ठेवते, बिनघोर या.”

आणि खरोखरच आगटीभोवती सतरंजीऐवजी चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख. राखेत कणसे खुपसायची, फिरवत राहायचे, आणि बाहेरची पाने करपून आत वाफ धरली की काढायची. त्या मुलीचे सासरे गरम कणीस तळहातावर असे चोळत की हिरवे दाणे पाऊस पडावा तसे सुपात पडत. आम्ही प्रयत्न केला आणि हात भाजून घेतले. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही, बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे. धुराची दिशा बदलली की आम्ही खुर्च्या उचलून जागा बदलत होतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी तर वाऱ्याकडे पाठ करूनच बसावे.

इन्सुलिनवालीचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. हुरड्यात तंतू भरपूर असले तरी तो शेवटी धान्यच आहे, आणि कोवळ्या दाण्यातल्या साखरेचे पुरते पीठ झालेले नसते म्हणूनच तो गोड लागतो. तिने दुपारची भाकरी सोडली, गुळाला हात लावला नाही, आणि वाटीने मोजून हुरडा घेतला. दुसरी वाटी मागितल्यावर स्वतःच हसून परत ठेवली. वापरातले इन्सुलिनचे पेन साधारण महिनाभर घरातल्या साध्या तापमानात चालते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते खराब होते. म्हणून ते तिच्या पर्समध्ये होते, आणि त्याच कप्प्यात साखरेच्या पुड्या. कवळी असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे: हुरडा कवळीखाली जाऊन बसतो. खाऊन झाल्यावर कवळी काढून धुतल्याशिवाय सुटका नाही. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

दुपारी चौघीही झोपलो. जागी झाले तेव्हा ऊन कलले होते, आणि मला तीन तास कोणी हाक मारली नव्हती, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. संध्याकाळी बांधावरून फिरलो. नांगरटीच्या ढेकळांवर चालण्याचे धाडस केले नाही; बैलगाडीच्या चाकोरीने, हातात काठी घेऊन गेलो. रात्री पिठले-भाकरी, मग पत्ते. बदाम सात खेळताना गुडघेवाली शाळेत जशी लबाडी करी तशीच आजही करते, हे सिद्ध झाले. औषधे आणि डॉक्टर यांवर बोलायचे नाही असे कोणी ठरवले नव्हते, तरी विषय निघाला नाही. घरी फोन करण्याबाबत मात्र आधीच ठरले होते: काही अडले तर मुलाने करायचा, मी करायचा नाही. फोन उशाशी होता. तो वाजला नाही.

रात्री बरोबर दोनला मला जाग आली. शरीराला सवय असते. अंधारात हात शेजारी गेला आणि तिथे भिंत लागली. कूस बदलून द्यायला कोणी नव्हते. आता मुलगा उठला असेल का, त्याने गजर लावला असेल का, खांद्याला धरून ओढले तर त्यांना दुखते, कमरेला आधार द्यावा लागतो हे त्याला आठवेल का, असे चालू झाले. बाहेर पडवीत कोणी तरी बसल्याची चाहूल लागली, म्हणून शाल घेऊन गेले. मैत्रीण होती. तिलाही दोनला जाग येते. तिच्याकडे उठायला कारण राहिलेले नाही, तरी येते.

आम्ही बराच वेळ गप्प बसलो. चांदणे पडले होते आणि ज्वारीच्या पानांचा वाळके कागद चुरगळावेत तसा आवाज येत होता.

“तो असताना मला एक सबंध रात्रीची झोप हवी होती,” ती म्हणाली. “आता वर्षभर रात्री मोकळ्याच आहेत. तेव्हा एकदा तरी अशी निघाले असते ना, तर शेवटच्या महिन्यांत त्याच्यावर इतकी खेकसले नसते. तो काही बोलायचा नाही गं. नुसता बघायचा.”

मी तिचा हात धरला. माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. तिलाही उत्तर नको होते. पहाटेची थंडी बोचू लागली तेव्हा आत जाऊन झोपलो, आणि मी सात वाजेपर्यंत उठले नाही. गेल्या तीन वर्षांत असे झाले नव्हते.

रविवारी परतताना माचणूरला थांबलो. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी याच परिसरात होती. गुडघेवाली वरच सावलीत बसली, आम्ही तिघी पायऱ्या उतरून नदीपर्यंत गेलो. निघण्याआधी शेतावर मी हुरड्याचे बांधून मागितले होते. “गुळभेंडीचं राण गेल्या आठवड्यातच सरलं, मावशी,” ती मुलगी म्हणाली होती. “काल तुम्ही खाल्लात तो फुले मधुर.” मी किलोभर घेतला. एवढ्या तोंडाला तोच पुरेल, असे मनाशी म्हटले.

घरी आले तेव्हा यजमान खिडकीशी बसले होते. सकाळची गोळी अर्धा तास उशिरा दिली गेली होती. मुलगा रात्री उठून परत झोपला आणि त्याला जाग उशिरा आली. त्यामुळे अकरापर्यंत अंग ताठलेले होते. ते सुटेपर्यंत दोघे याच खिडकीशी बसून राहिले होते, आणि त्या वेळात यजमानांनी त्याला लहानपणी रात्री माळ्यावर बसून गोफणीने पिकाची राखण कशी करत, ते सांगितले होते. “बाबा एवढं बोलतात?” मुलाने मला स्वयंपाकघरात येऊन विचारले. मी विचार करत राहिले. माझ्याशी त्यांना बोलावे लागत नाही, नजर पुरते. मुलाला ती नजर वाचता येत नाही, म्हणून त्यांना आवाज काढावा लागला होता. दर महिन्याला एक शनिवार-रविवार मुलगा येणार आहे, हे त्या दोघांनी मी पोचण्याआधीच ठरवून टाकले होते.

यजमानांना गिळायला त्रास होतो, म्हणून कोरडे, सुटे दाणे त्यांना देत नाही. ते श्वासाच्या वाटेने जाण्याची भीती असते. हुरडा वाटून, ताक घालून त्याची मऊ उकड केली, आणि ताठ बसवून, लहान चमच्याने, एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा असे भरवले. चार घास झाल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“गुळभेंडी नाही ही,” ते म्हणाले. या वेळी कान द्यावा लागला नाही.

मी सांगितले, की राण सरले होते.

“उशीर केलात,” ते म्हणाले. “पुढल्या वर्षी डिसेंबरातच जा.” आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडले.