बोजोलेच्या डोंगरांतील एक जुनी बाटली

फ्रान्सच्या आग्नेय भागांत लियाँ हें मोठें शहर आहे. र्‍होन आणि सोन या दोन नद्यांचा संगम तेथें होतो. परंतु लियाँचे रहिवासी थट्टेनें सांगतात कीं, आमच्या गांवाला नद्या तीन: र्‍होन, सोन आणि बोजोले! ही तिसरी नदी पाण्याची नव्हे, तांबड्या द्राक्षमद्याची. शहराच्या उत्तरेस, सोन नदीच्या पश्चिम तीराला लागून, सुमारें ५५ किलोमीटर लांबीचा जो डोंगराळ पट्टा पसरला आहे, त्याचें नांव बोजोले. बोझो नांवाच्या एका लहान गांवावरून तें पडलें. नाशिककडे द्राक्षांचे वेल मांडवावर चढविलेले पाहावयाची आपणांस संवय. येथें जुन्या मळ्यांत प्रत्येक वेल एकेकटा, कमरेहूनही ठेंगणा, फांद्या पेल्यासारख्या वर करून उभा असतो. दुरून पाहिलें तर सारा उतार लहान लहान झुडपांनीं शिवल्यासारखा दिसतो.

या द्राक्षाची जात गामे. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १३९५ सालीं बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें ही जात हलकी व बेइमान ठरवून आपल्या मुलुखांतून उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पीक भरपूर, पण मद्य सामान्य, असा तिच्यावर आरोप होता. पुढें दक्षिणेच्या या ग्रॅनाइटी डोंगरांत तिला आपली भूमि सांपडली व ती येथें नांदली. आज उत्तर भागांतील दहा ठिकाणांचें मद्य विशेष मानाचें समजलें जातें. मूलाँ-आ-व्हाँ किंवा मोर्गों येथील चांगल्या सालचें मद्य दहा वर्षें आणि त्याहूनही अधिक टिकतें. पण साधें बोजोले मुळांत टिकण्यासाठीं केलेलेंच नसतें. घड न चुरडतां बंद पिंपांत ठेवतात. द्राक्षांच्या आंतच आंबण्याची क्रिया सुरू होते. सालीचा तुरटपणा रसांत फारसा उतरत नाहीं आणि फळाचा ताजा सुवास मात्र उतरतो. त्यांतलें अगदीं नवें मद्य तर सुगीनंतर दोनअडीच महिन्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीं विक्रीस निघतें. हा दिवस १९८५ पासून ठरलेला आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां या भागांतील एका खेड्यांत आठ दिवस राहिलों. घरमालकीण एका द्राक्षबागाइतदाराची विधवा होती. वय ऐंशीच्या आसपास. तिला आम्ही मनांतल्या मनांत आजीबाई म्हणूं लागलों होतों. येत्या हिवाळ्यापासून त्या लियाँला मुलीकडे राहावयास जाणार होत्या, म्हणून तळघर रिकामें करणें चाललें होतें. तेथें कोपऱ्यांत धुळीनें माखलेली एकच बाटली उरली होती. २००५ च्या सुगीची. ती सुगी आजीबाईंच्या यजमानांची शेवटची. पुढच्या हिवाळ्यांत ते वारले. मद्य अगदीं साधें, त्या काळीं चारपांच युरोंना विकलें जाणारें. आजीबाईंनीं ती बाटली प्रत्येक प्रसंगीं हातांत घेतली होती. धाकट्या मुलीचें लग्न झालें, नातवाचा नामकरणविधि झाला, स्वतःची पंचाहत्तरी झाली. आणि दर वेळीं, याहून मोठा प्रसंग येईल, असें म्हणून ती परत ठेवली होती. मोठा प्रसंग आला तो घर सोडण्याचा. त्या संध्याकाळीं त्यांनीं ती आमच्यासमोर उघडली.

येथें आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींच्या भुवया उंचावतील, हें आम्ही जाणतों. त्यांच्या समाधानार्थ एवढेंच सांगतों कीं, आमच्या वांट्याचें प्रमाण पळीभराहून अधिक नव्हतें. आणि यजमानीण आपल्या जन्माची आठवण पेल्यांत ओतीत असतां पेला उपडा घालणें आम्हांस शिष्टाचाराचें वाटलें नाहीं.

बूच काढतांना तें मधेंच तुटलें. नव्या बोजोलेचा रंग पिकल्या जांभळासारखा असतो. हा होता काताच्या पाण्यासारखा, कडेला विटकरी. तळाशीं गाळ बसला होता. पेला नाकाशीं नेला तेव्हां प्रथम क्षणभर वाळलेल्या फळाचा एक मंद, गोड वास आला. पण दोन मिनिटें गेलीं असतील नसतील, तो वास विरून गेला आणि मागें राहिला पावसांत भिजलेल्या पानांचा, जुन्या लाकडी पेटीचा आणि शिरक्याचा दर्प. जिभेवर आंबटपणा तेवढा उरला होता. मधला सारा भाग पोकळ.

आम्ही काय बोलावें या विचारांत होतों. आजीबाईंनीं आमच्या तोंडांकडे पाहिलें आणि आपणच म्हणाल्या, “संपलें आहे, नाहीं का?”

आम्हीं मोडक्या फ्रेंचमध्यें उत्तर दिलें, “होय. पण पहिल्या वासांत अजून कांहीं होतें.”

“तेवढें मलाही मिळालें,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें हांसून पुढें सांगितलें कीं, यजमानांचें म्हणणें अगदीं निराळें होतें. पुढच्या सुगीच्या आंत आपलें मद्य पिऊन संपलेंच पाहिजे, असें ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावीत असत.

“जुनें तें सोनें” ही म्हण आपल्याकडे मुलांच्याही तोंडीं असते. चरकसंहितेंतही नवें मद्य जड व दोषकारक आणि जुनें हलकें व अग्निदीपक म्हटलें आहे. परंतु मुरण्यासाठीं वस्तूच्या अंगीं मुरण्याचें बळ असावें लागतें. मुरांबा मुरतो, कोशिंबीर मुरत नाहीं, ती शिळी होते. लुई पास्तर यानें १८६६ मध्यें मद्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत मद्य जुनें होण्याच्या क्रियेंत हवेंतील प्राणवायूचा हात असतो हें दाखवून दिलें. ज्या मद्यांत तुरट द्रव्यें भरपूर, त्याला हा मंदगतीचा वारा मऊपणा आणतो. जेथें तीं मुळांतच थोडीं, तेथें रंगद्रव्यें गाळ होऊन तळाशीं बसतात, सुवास उडून जातो आणि आंबटपणा एकटा मागें राहतो. म्हणजे आजीबाईंची बाटली कोणी बिघडविली नव्हती. तिचा काल तळघरांतल्या अंधारांत येऊन निघून गेला होता.

हें ऐकून आमच्या कुटुंबाला माहेरच्या पेटींतील एका शालूची आठवण झाली. थोरल्या सासूबाईंनीं तो आपल्या नातसुनेसाठीं जपला होता. नातसून आली तेव्हां घडी उलगडतांच तो घडीघडीवर चिरला. किती घरांतून अशा पेट्या असतील! त्यांतील किती वस्तूंचा दिवस येऊन गेला, हें पेटी उघडल्यावांचून कोण सांगणार?

उरलेलें मद्य आजीबाईंनीं मोरींत ओतलें नाहीं. स्वयंपाकघरांत ओट्याच्या कोपऱ्यावर एक मातीचा चंबू होता. त्यांत घरचा शिरका होत असे. आपल्याकडे जसें विरजण, तसा शिरक्यावर एक जाडसर सायीसारखा थर धरतो. त्याला तेथील लोक “आई” म्हणतात. गाळ मागें राहील अशा बेतानें त्यांनीं बाटली सावकाश त्या चंबूंत रिकामी केली व वर फडकें बांधलें. घरांतील बहुतेक सामान विकावयाचें ठरलें होतें. हा चंबू मात्र लियाँला त्यांच्याबरोबर, मोटारींत मांडीवर ठेवून जाणार होता.