तिकडे जायचं नाही

प्रिय सुमन,

‘डायनोसॉरच्या काळातलं ते झाड दाखवशील ना?’ असं विचारलंस. दाखवीन की! सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे ते. पण त्याच्या मूळ रानात मात्र नेणार नाही. ती जागा कुणालाच सांगत नाहीत, आणि मला ते अगदी पटतं.

वॉलेमी पाइन त्याचं नाव. सप्टेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानात काम करणारा डेव्हिड नोबल वॉलेमीच्या रानात दोर लावून एका अरुंद घळीत उतरला, तिथे ही अनोळखी झाडं दिसली. तोवर त्यांचे पूर्वज ठाऊक होते ते फक्त जीवाश्मांतून! चाळीस मीटरपर्यंत वाढणारं झाड, आणि साल कशी, तर उकळतं चॉकलेट बुडबुड्यांसकट गोठावं तशी. एक खोड कोसळलं तरी बुंध्यातून दुसरं फुटतं. इतकं चिवट असूनही रानात पूर्ण वाढलेली झाडं शंभरसुद्धा नाहीत गं.

त्यात ती सगळी आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखीच. एकाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो. मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा बुटाला लागलेल्या मातीतून पसरते, आणि ती त्या घळीत पोचलीही आहे. चोरून गेलेल्या कुणाच्या तरी बुटांतूनच गेली असावी, असा संशय आहे. झाडावरच्या प्रेमानेच गेला असेल तो, पण मला फार राग येतो. शास्त्रज्ञसुद्धा तिथे बूट निर्जंतुक करून जातात.

२०१९-२०च्या वणव्यात आमच्या घरातसुद्धा धूर भरला होता. तेव्हा अग्निशमन दलाच्या माणसांना हेलिकॉप्टरमधून दोराने त्या घळीत उतरवलं. त्यांनी झाडांभोवती पाण्याची व्यवस्था केली, विमानांनी वरून आगरोधक टाकलं. काही झाडं होरपळली, पण बहुतेक वाचली. लोकांना हे कळलं ते सगळं पार पडल्यावर, जानेवारी २०२० मध्ये. बातमी वाचताना मला रडू आलं.

आता रोपवाटिकांत तयार केलेली रोपं विकतही मिळतात. ज्याला हवं त्याने कुंडीत लावावं, रानात घुसू नये, हा त्यामागचा एक हेतू. मला ही युक्ती फार आवडली.

शक्यतो जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात ये. माउंट टोमाच्या बागेतही ही झाडं आहेत, आणि थंडीत त्यांच्या कळ्यांवर मेणासारखी पांढरी टोपी चढते. स्वेटर आण, तिथे गारठा असतो.

तुझी,
नलू