फॅनबेल्ट

थंडीत गाडी सुरू केली की बॉनेटखालून किंचाळी यायची. मेकॅनिकने दोनशे डॉलर सांगितले. बेल्ट तीसला मिळतो! न्यू जर्सीला आमच्याकडे आलेले बाबा म्हणाले, "आपणच बदलू रे."

आमच्या गाडीत हा एकच बेल्ट (बाबांच्या भाषेत फॅनबेल्ट) आल्टरनेटर, स्टीअरिंगचा पंप, पाण्याचा पंप, एसी, सगळं फिरवतो. काढण्याआधी तो कुठून कसा जातो ते कागदावर काढून ठेवा, नाहीतर मेलात!

टेन्शनरला लांब पाना लावून बाबांनी जोर केला. हलला नाही. सांगलीत स्कूटरचं इंजिन एकट्याने उतरवणारे बाबा... काही न बोलता त्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी टेन्शनर ओढून धरला, त्यांनी बेल्ट सरकवला.

नवा चढवल्यावर त्याची प्रत्येक रेघ पुलीच्या खाचेत बसलीय का, ते बोटाने चाचपायचं काम मात्र त्यांनी मला करू दिलं नाही.