चाकाचे वजन

मामाला भाचा असावा. पण त्या भाच्याला मोटारींचे वेड नसावे, अशा मताला मी गेल्या पावसाळ्यात आलो होतो. रविवारी सकाळी वह्या तपासत बसलो असता चिरंजीव आले नि बिडाचे एक काळेकुट्ट चाक त्यांनी माझ्या टेबलावर आदळले.

“मामा, हे फ्लायव्हील. हलके करायचे आहे.”

“कशाला? गाडी चालते आहे ना?”

“चालते. पळत नाही!”

हा कोल्हापुरातल्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या मोटारीला शर्यतीची मोटार बनवू पाहतो. विज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या वर्गात झाली नि तिथेच सुटली. तरीही मास्तरकी गप्प बसू देईना. विचारले, “मुळात हे चाक असते कशासाठी?”

चार सिलिंडरच्या इंजिनाला दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांच्या मधली उणीव भरून काढते ते हे जड चाक. मला आमच्या आईच्या शिलाई मशीनचे चाक आठवले. पाय वर-खाली होताना मधली बिनजोराची जागा तेच पार करी. पण या जडपणाची किंमत असते. वेग वाढवायचा तर इंजिनाला आधी हे चाक पळवावे लागते. खालच्या गिअरमध्ये तो भुर्दंड सर्वांत जास्त. त्यातही कडेचे वजन फार महाग. मध्यापासून दुप्पट अंतरावरचे वजन चौपट भारी पडते.

“म्हणून बाबांच्या लेथवर याचीच कड उतरवतो. खर्चही नाही.”

मेहुणे टर्नर होते. 2014 साली ते गेले. अक्काने त्यांचा लेथ अजून विकलेला नाही.

मी एका वहीच्या पाठीवर हिशेब मांडला. चाकाचा व्यास 26 सेंटिमीटर. मिनिटाला 7000 फेरे. कडेचा वेग निघाला तासाला सुमारे 340 किलोमीटर! बीड दाब सोसते, पण ताणाला कच्चे. कापून पातळ केलेल्या बिडाला त्या वेगात तडा गेला, तर त्याचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. आणि चालवणाऱ्याचे पाय तिथून फार लांब नसतात. मला एकदम अक्काचा चेहरा दिसला.

“हे नाही,” मी म्हणालो. एवढ्या करड्या आवाजात मी वर्गातही बोलत नाही.

मग अ‍ॅल्युमिनियमची बाजू निघाली. पोलादाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा वजन! पण क्लच घासतो तिथे त्याला पोलादी चकती जोडावी लागते, आणि तापल्यावर ते पोलादाच्या दुपटीने फुगते. शर्यतीच्या मैदानात ते शोभेल. परंतु याच गाडीतून अक्का जोतिबाला जाते. इतक्या हलक्या चाकाचे इंजिन चढावर थांबून पुन्हा निघताना चटकन बंद पडते.

उरले पोलाद. ईएन-19. गंमत अशी, की पोलाद बिडाहून वजनाला थोडे जडच. मग चाक हलके कसे व्हायचे? तर पोलाद बळकट असते, म्हणून ते पातळ करता येते! जो बळकट असतो, त्यालाच अंगावरचे कमी करणे परवडते. कादंबरीतली पाने कापताना हे मला कोणी सांगायला हवे होते.

माझ्या मानधनाचे काही पैसे होते. घडीव पोलादाचा गोल तुकडा आला. भाच्याने तो मेहुण्यांच्या लेथवर उतरवला नि तोल साधायला जाणकार कारखान्यात दिला. साडेसहा किलोंच्या जागी साडेचार किलोंचे चाक बसले.

पहिल्याच दिवशी आम्ही तिघे जोतिबाला निघालो. चढावर एकदा इंजिन बंद पडलेच. मागून अक्का म्हणाली, “अरे, जरा दमानं घे. ह्यांच्या लेथवरचं चाक आहे ते.”

मी वळून पाहिले. मेहुणे गेल्यापासून दोन धक्क्यांच्या मधली सगळी उणीव या बाईने भरून काढली होती. तिचे वजन कमी करायचा विचार आम्हांपैकी कुणाच्याही मनात आला नव्हता.

भाच्याने पुन्हा किल्ली फिरवली. गाडी वर चढू लागली.